बुंदी (लाडू नव्हे, गाव): महाल एका दुपारी, विहिरी दोन दिवस

सोनटक्का

भाची कोट्याला नीटच्या क्लासला आहे. घरात रिकामी म्हणून माझीच ख्याती असल्यामुळे भाजणी, डिंकाचे लाडू आणि "झोप काढत जा गं" हा निरोप पोचवायचं काम माझ्याकडे येतं. या वेळी नोव्हेंबरात गेले तर तिच्या चाचण्या लागलेल्या. "मावशी, रविवारपर्यंत मला भेटू नकोस," असं स्वच्छ सांगून ती मोकळी झाली. आता गुरुवार ते शनिवार कोट्यात मी काय करायचं? हॉस्टेलच्या मेसमधल्या बाई म्हणाल्या, "बूंदी हो आओ, घंटे भर का रास्ता है।" मी एका दिवसाच्या बेताने गेले आणि दोन रात्री राहिले.

बस गावाजवळ आली की डोंगराच्या कुशीत महाल दिसतो. बांधलाय असं वाटतच नाही, कातळातूनच सज्जे आणि छत्र्या फुटल्यासारख्या दिसतात. वर डोक्यावर तारागड, खाली नवलसागर तलाव, मधे निळी-पांढरी घरं. जयपूर-उदयपूरचा झगमगाट इथे नाही. महालाला रंगरंगोटी केलेली नाही, अर्धे दरवाजे बंद, काही दालनांत वटवाघळं. त्यांचा वास नाकात बसतो तो संध्याकाळच्या चहापर्यंत जात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चढण दगडी फरशीची आणि चांगली उभी. शेकडो वर्षं पावलं पडून दगड असे गुळगुळीत झालेत की कोल्हापुरी घालून गेलेली मी पहिल्या वळणावरच चप्पल हातात घेतली. वर हाथी पोल. दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आणि त्यांच्या उंचावलेल्या सोंडा दारावर एकमेकींना भिडलेल्या. हा राव रतनसिंहांच्या काळातला, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. आत रतन दौलत, म्हणजे दरबार; तिथे संगमरवरी सिंहासन आहे. त्यापुढे छत्रमहाल, फूलमहाल, बादलमहाल. बादलमहालात गेलात तर मान दुखेपर्यंत छत बघा. तिथे माझ्याखेरीज कोणीच नव्हतं, म्हणून मी सरळ फरशीवर उताणी पडले. पहारेकऱ्याने बघितलं आणि काही बोलला नाही, म्हणजे असं करणारी मी पहिली नसावी.

चित्रशाळा वेगळी, थोडी वरच्या अंगाला. ती पुरातत्त्व खात्याकडे आहे, महाल राजघराण्याकडे. मधे एक अंगण आणि भोवती ओवऱ्या, त्यांच्या भिंती आणि छतं चित्रांनी भरलेली. बहुतेक रंग हिरवे, निळे, मोरपिशी. कदंबावर गोपींची वस्त्रं घेऊन बसलेला कृष्ण, रास, हत्तींच्या झुंजी, मिरवणुका. माणसांच्या उंचीवरची चित्रं खूप ठिकाणी खरवडली गेलीत आणि कुणाकुणाची नावंही कोरलेली आहेत. "राजू लव्ह..." वगैरे. वरची मात्र शाबूत आहेत, कारण राजूचा हात पोचला नाही.

हे सगळं एका दुपारी झालं. पण मला लिहायचंय ते विहिरींबद्दल.

राणीजी की बावडी गावाच्या मधोमध आहे, रहदारीत. बाहेरून एक बागेसारखं आवार, काही चबुतरे, इतकंच दिसतं. मी तर आधी पुढे निघून गेले होते. आत शिरलं की जमीन एकदम पायाखालून निसटते आणि अरुंद लांब जिना खाली जात राहतो. शंभराच्या वर पायऱ्या, खोली ४६ मीटर सांगतात. आपल्याकडच्या पंधरा मजली इमारतीएवढा खड्डा, आणि तो कोरीव. मधे उंचच उंच खांब आणि त्यांवर नक्षीदार कमान. खांबांच्या माथ्यावर हत्ती आहेत, त्यांच्या सोंडा आत वळलेल्या, जणू खालचं पाणी प्यायला वाकलेत. भिंतींत दशावतार. आम्ही गेलो तेव्हा शेवटपर्यंत उतरू देत नव्हते, पण अर्ध्यावर गेलं तरी हवा बदललेली कळते. वर ऊन, खाली माजघरातला गारवा.

ही १६९९ सालची. बांधणारी राणी नाथावतीजी, राव अनिरुद्धसिंहांची धाकटी राणी. तिथे एक आजोबा बाकावर बसलेले होते, त्यांनी गोष्ट सांगितली. थोरल्या राणीला मूल नव्हतं. धाकटीला मुलगा झाला तो थोरलीच्या ओटीत गेला, आणि मग धाकटी एकटी पडली. तिने मन रयतेत घातलं आणि २१ बावड्या बांधल्या. आजोबांच्या तोंडचा शब्द असा: "बेटा गया तो पानी दिया।" इतिहास म्हणून हे किती खरं, मला ठाऊक नाही. पण सांगताना त्यांचा आवाज असा होता की जणू हे गेल्याच पिढीत घडलंय.

त्या दोन दिवसांत मी नऊ पायविहिरी बघितल्या. गावात पन्नासाच्या वर आहेत म्हणतात. चोगान दरवाज्याबाहेर नागर सागर कुंड, एकासारखी एक अशी दोन. एका बाजूला भाजीवाल्या, दुसऱ्या बाजूला रिक्षा, मधे हा भूमितीचा चमत्कार, आणि तळात पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. दक्षिणेला धाभाई कुंड, त्याला जेल कुंडही म्हणतात. उलटा पिरॅमिड. पायऱ्यांचे त्रिकोण एकात एक असे बसवलेत की काठावर उभं राहून डोळे तिरळे होतात. तिथे मी तासभर बसले. एक मुलगा पायऱ्यांवर बसून गणित करत होता, बाकी कोणी नाही.

महालाचं तिकीट काढून लोक रांग लावतात. विहिरी मात्र गावाच्या वाटेत पडल्यात आणि गाव त्यांना वळसा घालून जातं. मला तर महालापेक्षा त्याच जास्त राजेशाही वाटल्या. कुणी गेलंय का? अनुभव लिहा. फोटो उद्या चढवते, आज नेट रडतंय.

---

निमशहरी

मस्त लिहिलंय. शीर्षक वाचून पाककृती विभाग चुकला की काय वाटलं. बायकोला म्हटलं बुंदीला जाऊ, ती म्हणाली डब्यात आहे, घे.

एक शंका. छत्रमहाल म्हणजे छत्रसालाचा का? बाजीरावांना हाक मारली तो, मस्तानीचे वडील?

---

टेंभा

@निमशहरी, नाही. ते छत्रसाल बुंदेला, पन्न्याकडचे. बुंदेलखंड वेगळं, बुंदी वेगळी, गाडीने गेलात तर दिवस जाईल. छत्रमहाल बांधणारा राव छत्रसाल हाडा (हाडा म्हणजे बुंदीचं राजघराणं). हा शहाजहानच्या बाजूचा, १६५८ला सामूगढच्या लढाईत औरंगजेबाविरुद्ध दारा शुकोहच्या बाजूने लढताना पडला. नावं सारखी म्हणून आंतरजालावर दोघांची खिचडी झालेली दिसते.

सोनटक्का, तुमच्या लेखात एक धागा अर्धा राहिलाय, तो मी पुढे ओढतो, कारण त्याचं टोक आपल्या घरात येतं.

नाथावतीचा जो मुलगा म्हणता तो बुधसिंह. बावडी झाली तेव्हा अनिरुद्धसिंह वारले होते आणि गादीवर हाच होता. पुढे जयपूरच्या सवाई जयसिंहाशी याचं बिनसलं. जयसिंह नात्याने मेहुणा, म्हणजे बुधसिंहाची एक राणी अमरकुंवर ही जयसिंहाचीच बहीण. जयसिंहाने बुधसिंहाला हाकलून हाडांपैकीच दलेलसिंहाला बुंदीच्या गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. आता ही अमरकुंवर, कछवाह म्हणजे जयपूरच्या घराण्यातली राणी, सख्ख्या माहेराविरुद्ध उभी राहिली. तिने दक्षिणेत माणूस धाडला. कोण माणूस? दलेलसिंहाचाच थोरला भाऊ प्रतापसिंह हाडा! घरातले वाद बघा कसे होते.

एप्रिल १७३४मध्ये मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे बुंदीवर आले आणि त्यांनी शहर घेतलं. राणीने मल्हाररावांना राखी बांधली. ठरलेली रक्कम ६ लाख. फौज परत फिरली आणि जयसिंहाने सैन्य पाठवून दलेलसिंहाला पुन्हा बसवलं. म्हणजे महिनाभराचा खेळ. पण या प्रकरणाने जयसिंहाचे कान टवकारले. त्याच जुलैत मेवाडच्या हद्दीत हुर्ड्याला राजपूत राजांची बैठक भरली, मराठ्यांना कसं थोपवायचं यावर. बैठक झाली, निष्पन्न काही झालं नाही.

बुधसिंह १७३९ला परागंदा असतानाच गेला. त्याचा दुसऱ्या राणीपासूनचा मुलगा उमेदसिंह लहान वयापासून लढत राहिला आणि १७४८ला बगरूच्या लढाईनंतर मल्हाररावांच्या जोरावर त्याला बुंदी परत मिळाली.

आता सांगतो हे सगळं कशाला लिहिलं. तुम्ही ज्या चित्रशाळेत फिरलात ती या उमेदसिंहाची.

---

सोनटक्का

अंगावर काटा आला. म्हणजे आजीची विहीर, मुलगा परागंदा, सुनेची राखी आणि नातवाची चित्रं! मी तिथे दोन दिवस या कुटुंबाच्या घरात फिरत होते आणि मला पत्ताच नाही. फलकांवर यातलं एक अक्षर नाही. चित्रशाळेच्या पाटीवर फक्त शतक लिहिलंय.

---

उंटावरचा_शहाणा

राखीची गोष्ट ऐकली की आपल्याला भरून येतं, पण ६ लाखही त्याच वाक्यात आहेत हे विसरू नये. १७४८नंतर बुंदीला होळकर आणि शिंदे दोघांनाही पैसे भरावे लागले. मी जयपूरला अकरा वर्षं नोकरी केली. तिथल्या लोकांच्या मनात "मरहट्टे" हा शब्द आपल्या शालेय पुस्तकातल्यासारखा येत नाही. वसुली, लूट, गावं उजाड, असा येतो. जयपूरचा राजा ईश्वरीसिंह, जयसिंहाचा मुलगा, याने मल्हाररावांची फौज आली म्हणून विष घेतलं, ते आठवा. तेव्हा "टोक आपल्या घरात येतं" हे खरं, पण दाराशी कुठल्या वेषात येतं तेही बघावं.

---

टेंभा

मान्य. मी कुठे तोरणं बांधली? राखी आणि खंडणी दोन्ही एकाच हातात होती. मल्हारराव तिथे धर्मकार्याला गेले नव्हते, आणि राणीलाही ते ठाऊक होतं म्हणून तर तिने भाव ठरवला. पण एका बाईने आपल्या भावाविरुद्ध परमुलखातला भाऊ विकत आणला, हे मला त्या काळातलं फार ताकदीचं राजकारण वाटतं. तिच्या पुढची दोन-तीन दशकं राजपुतान्यातल्या वारसाच्या प्रत्येक भांडणात कोणीतरी दक्षिणेकडे माणूस धाडायचं. वाट हिने दाखवली.

---

उंटावरचा_शहाणा

"परमुलखातला भाऊ विकत आणला." हे वाक्य आवडलं. माघार.

---

पाणवठा

मी बारवा शोधत फिरतो, सुट्टीतला छंद. बुंदीला २०१९ला तीन दिवस होतो. सोनटक्का यांनी सगळ्यांना पायविहीर म्हटलंय, त्यावर थोडा शिष्टपणा करतो.

बावडी आणि कुंड यांत फरक आहे. बावडीला एका बाजूने लांब जिना असतो आणि शेवटी विहीर. तुम्ही सरळ रेषेत खाली चालत जाता, मधे कमानी लागतात. राणीजींची तशी. कुंड चौरस असतं, चारही बाजूंनी पायऱ्या, मधे पाणी. धाभाई आणि नागर सागर ही कुंडं. आपल्याकडे असंच बारव आणि पुष्करणी म्हणायला हरकत नाही, पण गावोगाव नावं इतकी घोळलेली आहेत की मी वाद घालणं सोडून दिलंय.

पायऱ्या का, हा प्रश्न खूप जण विचारतात. पाऊस तीन महिने, बाकी नऊ महिने पातळी खाली खाली जाते. काठावरून दोर सोडायचा तर दर महिन्याला दोर वाढवा. पायऱ्या असल्या की पाणी जिथे असेल तिथपर्यंत माणूस जातो. त्या त्रिकोणी पायऱ्या शोभेच्या नाहीत. उभ्या भिंतीवर कमी जागेत जास्तीत जास्त माणसांना एका वेळी उतरता-चढता यावं म्हणून त्या आहेत. घागर डोक्यावर घेऊन समोरून येणारी बाई अडायला नको. शिवाय पायऱ्यांचा टप्पा बाजूच्या मातीचा दाबही पेलतो.

बुंदीला पाण्याची सोय तिच्या जागेनेच केली आहे. तीन बाजूंनी डोंगर, उतारावरचं पाणी जैतसागर आणि नवलसागरात अडवलेलं, आणि तलाव भरला की आसपासच्या जमिनीत मुरतं. खालच्या बावड्यांना तो पाझर मिळतो. तारागडावरसुद्धा खडकात खोदलेली टाकी आहेत. तेव्हा विहीर सुटी बघू नका, तलाव आणि डोंगर धरून बघा.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधली, म्हणजे राणीजींच्या बावडीनंतर वीसेक वर्षांत. तिथेही बांधणारी बाई. पण काम वेगळं: लिंबला बारा मोटा चालायच्या, पाणी आमराईला जायचं आणि विहिरीच्या पोटात छोटासा महालच आहे. बुंदीची बावडी तहानेसाठी आणि देवासाठी. तिच्यात पाणी उपसायचं यंत्र शोधू नका, हत्ती शोधा.

---

गवतीचहा

धाभाई म्हणजे काय? आडनाव आहे का?

---

पाणवठा

दूधभाऊ. राजपुत्राला दूध पाजणाऱ्या दाईचा मुलगा तो धाभाई. राजघराण्यात त्याला मोठा मान असे, कारण सख्ख्या भावाला गादी हवी असते आणि दूधभावाला ती मिळण्यासारखी नसते. त्यामुळे विश्वासाचा माणूस तोच.

कोटा रस्त्यावर देवपुऱ्यात चौरासी खंबोंकी छत्री आहे, तीही धाभाईचीच. देवा नावाच्या दूधभावासाठी अनिरुद्धसिंहाने १६८३ला बांधली. दुमजली, मधे शिवलिंग, जोत्यावर हत्ती, हरणं, अप्सरा. राजाने आपल्या दाईच्या पोरासाठी एवढी छत्री बांधावी! ८४ खांब मोजायला जाऊ नका. मी तीनदा मोजले, तीन आकडे आले.

---

सोनटक्का

माझे ८१. मी दोष चष्म्याला दिला.

---

रंगरेषा

चित्रांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. बुंदीची कलम, म्हणजे चित्रशैली, ही राजस्थानी लघुचित्रांतली फार जुनी आणि फार लाघवी शाखा. तिचा उगम बुंदीत नाही, चुनारला, म्हणजे बनारसजवळ आहे. राव सुर्जन हाडाने १५६९ला रणथंभोर अकबराच्या हवाली केला, त्यानंतर त्याच्याकडे चुनारचा कारभार आला. तिथे १५९१ला रागमालेची, म्हणजे रागरागिण्यांना रूप देणारी, चित्रं झाली, मुघल कारखान्यात शिकलेल्या हातांनी. ती बुंदीला आली आणि पुढच्या पिढ्यांतल्या चितारींना ती नमुन्यासारखी झाली. तीच मांडणी पुन्हा पुन्हा दिसते.

ओळखायचं कसं? झाडी. बुंदीच्या चितारीला मोकळी जागा सोसवत नाही. केळी, आंबे, वेली, कमळांनी भरलेलं तळं, त्यात बदकं, फांदीवर माकडाचं पिल्लू. मारवाडच्या चित्रांत वाळवंटाची ऐसपैस जागा असते, इथे पावसाळ्यानंतरची हाडोती, म्हणजे हा बुंदी-कोट्याचा मुलूख, आहे. गावाबाहेर दहा मिनिटं गेलात की ते हिरवं कुठून आलं ते कळतं. चेहरे गोलसर, गालाखाली हलकी छाया.

भिंतीवरच्या चित्रांना सकाळचं तिरकं ऊन चांगलं. दुपारी अंगण भगभगतं आणि ओवऱ्या काळ्या दिसतात. मोबाइलचा फ्लॅश मारू नका. पहारेकरी रागावतो म्हणून नव्हे, तरी.

---

आजोबा_ऑनलाइन

वय ७१, सौ. ६६, तिच्या एका गुडघ्याचं काम झालंय. आम्ही डिसेंबरात कोटामार्गे रणथंभोरला चाललोय. बुंदी झेपेल का? खरं सांगा. "हळूहळू होतं काका" हे उत्तर नको, ते आम्ही गिरनारला ऐकलं होतं.

---

सोनटक्का

काका, खरं सांगते. महालाची चढण काकूंना त्रासाची आहे, विशेषतः उतरताना. रिक्षा खालच्या दरवाज्यापर्यंत जाते, पुढे पायीच, आणि धरायला कठडा सगळीकडे नाही. तारागड तर विसराच.

पण नवलसागरच्या काठावर संध्याकाळी नुसतं बसलात तरी महाल अख्खा समोर असतो आणि पाण्यात उलटा. तळ्यात अर्धं बुडालेलं वरुणाचं देऊळ आहे, तेही काठावरून दिसतं. चौरासी खंबा छत्री रस्त्यालगत, जेमतेम काही पायऱ्या. सुखमहाल जैतसागरच्या काठावर, तिथे सपाट आहे. नागर सागर कुंड काठावरून बघता येतं. राणीजींच्या बावडीत काकूंना वरच्या टप्प्यावर बसवा, कमान तिथूनही दिसते. एक रिक्षा अर्ध्या दिवसासाठी ठरवा, भाव आधी बोला.

---

आजोबा_ऑनलाइन

आभार. सौ. म्हणते ती काठावर बसेल आणि मी महालात जायचं. चाळीस वर्षांत प्रथमच इतक्या सहज परवानगी मिळाली आहे, काहीतरी गडबड आहे.

---

गवतीचहा

काका, कोट्यात कोटा डोरियाची दुकानं आहेत. गडबड तीच असणार. साडी कैथूनची घ्या, हातमागाची. उजेडात धरली की बारीक चौकटी दिसतात, त्यांना खत म्हणतात. दुकानदार पॉवरलूमची आधी दाखवतो.

---

कातळशिल्प

तारागडाबद्दल मी लिहितो, कारण मी तिथे माकडांकडून मार खाता खाता वाचलोय.

किल्ला १३५४चा सांगतात. चढ तासाभराचा नाही, पण वर झाडोरा माजलाय आणि वाट अधूनमधून हरवते. दाराशी काठी भाड्याने देतात. मी सह्याद्रीत वीस वर्षं फिरलेला माणूस, मला काठी कसली देता, या ताठ्यात गेलो. पहिल्या दरवाज्यातच तीसेक माकडं. वानर नव्हे, लाल तोंडाची. हातातली पिशवी त्यांच्या पुढाऱ्याला आवडली. पिशवीत केळी नव्हती, गाडीची तिकिटं होती. तिकिटं मिळाली, चावलेली. टीसीने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, आणि तो डब्यातल्या सगळ्यांना सांगत सुटला.

काठी घ्या. खाऊ दिसेल असा नेऊ नका. एकटे जाऊ नका. वर भीम बुरुज प्रचंड आहे, खडकातली टाकी आहेत, पडके महाल आहेत. आपल्या किल्ल्यांची सवय असेल तर घरी आल्यासारखं वाटतं, म्हणजे पाट्या नाहीत, कचरा आहे आणि वारा झकास.

जंगल आवडत असेल तर रामगढ विषधारी जवळच आहे, २०२२ला व्याघ्र प्रकल्प झाला. रणथंभोरहून बाहेर पडणाऱ्या वाघांची ती जुनी वाट. वाघ दिसेलच असं धरून जाऊ नका.

---

निमशहरी

रेल्वेचं कोणी सांगेल का? आम्ही बोरिवलीवाले.

---

कातळशिल्प

कोटा मुंबई-दिल्ली मुख्य मार्गावर आहे, मुंबईहून रात्री बसलात की सकाळी कोटा. पुढे बस किंवा टॅक्सी, ४० किलोमीटरच्या आत. बुंदीला स्वतःचं स्टेशन आहे, कोटा-चित्तोडगड फाट्यावर, पण गाड्या मोजक्या. चित्तोड जोडणार असाल तरच त्याच्या नादी लागा. उन्हाळ्यात अजिबात नको, दगड तापतो. कोटा स्टेशनवर उतरल्यावर कचोरी खा, हिंगाची. आणि फलाटावर खाली बघा, आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातली फरशी तिथलीच आहे.

---

उंटावरचा_शहाणा

राहण्याबद्दल सावध करतो. जुन्या हवेल्यांत खोल्या देतात, छान असतात, पण आधी खोली बघून मग बॅग उतरवा. मला "तलावाचं दृश्य" म्हणून जी खोली दिली तिच्या खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसत होती. मालकाला म्हटलं तर म्हणाला, "साहब, पानी तो है।" तक्रार कुठे करणार? हसावंच लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच आईने कत्त-बाफले खाऊ घातले, बाटीसारखेच पण आधी वाफवलेले आणि तुपात बुडवलेले, तेव्हा टाकी माफ केली.

---

रंगरेषा

सोनटक्का, नागर सागरातला कचरा बघून वाईट वाटलं. मी गेले होते तेव्हाही तसंच होतं. महालाची डागडुजी होत नाही म्हणून सगळे हळहळतात. पण कुंडात पाकीट टाकणारा माणूस रोज तिथूनच भाजी नेतो.

---

पाणवठा

नळ आल्यावर विहिरीचं काय करायचं हे कुठल्याच गावाला ठरवता आलं नाही. वालूरची बारव बघा, परभणी जिल्ह्यात. गावकऱ्यांनी उपसून काढली तेव्हा आतली चक्राकार पायऱ्यांची नक्षी दिसली. आधी तिथे झुडपं आणि गाळ होता. बुंदीत निदान विहिरी दिसतात तरी.

---

गवतीचहा

मला काजळी तीजेला जायचंय. तिथली प्रसिद्ध आहे म्हणतात. भाद्रपद कृष्ण तृतीया असं वाचलं, पण कालनिर्णयात बघितलं तर ती पितृपक्षात येते. पितृपक्षात मिरवणूक?

---

टेंभा

त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा भाद्रपद कृष्ण पक्ष म्हणजे आपला श्रावण वद्य. तेव्हा श्रावण वद्य तृतीया बघा. तीजमातेची पालखी नवलसागरवरून निघते आणि बाजारातून आझाद पार्कात जाते. पाऊस असेल, छत्री न्या. महालाच्या चढणीवर शेवाळ असतं.

---

गवतीचहा

म्हणजे राखीपौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी. सापडलं. भावाला सांगते या वर्षी ओवाळणी लवकर दे, मला गाडी पकडायची आहे.

---

सोनटक्का

फोटो चढवले. धाभाई कुंडाच्या तिसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात तो गणित करणारा मुलगा आहे, पाठमोरा. नाव विचारलं नाही. पण वही बघितली, भाचीचाच धडा चालू होता.